दुसऱ्यानं पेरलेलं रान

आमच्या घरात मीठ संपलं की त्या दिवशी भाजी अळणी व्हायची. शेजारून वाटीभर मीठ आणायचं नाही, असा अप्पाचा कायदा होता. अप्पा म्हणजे माझा बाप, किसन. मीठ नाही, काडेपेटी नाही, विरजण नाही. चुलीतला विस्तव विझला तर माय राखेत फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची, पण समोरच्या घरातून निखारा आणायला जायची नाही. कुणी आपणहून काही आणून दिलंच, तर दिवस मावळायच्या आत त्याच भांड्यात काहीतरी घालून ते परत गेलं पाहिजे. अंबाडीची भाजी आली की शेंगदाण्याची चटणी जायची. पोचवायचं काम माझं. परत आलो की अप्पा विचारायचा, हातात दिलंस का, काय म्हणाले. मी सांगायचो, काही म्हणाले नाहीत. मग त्याला आणखीच संशय यायचा, की काहीच कसं म्हणाले नाहीत.

त्याला तसं व्हायला कारण होतं. आमचं घर बौद्ध. अप्पाच्या बापानं खळ्यावरच्या चार पाट्या ज्वारीवर आणि सणाच्या शिळ्या भाकरीवर साऱ्या गावाची कामं ओढली. कुणी जुनी बंडी दिली तर त्या बंडीपायी वर्षभर त्याच्या दारात राबायचं. अप्पानं हे लहानपणी बघितलेलं. भाकर देणारा हात पुढं मान धरतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. वयात आल्यावर त्यानं गावाची कामं सोडली, हैद्राबादेत जाऊन पाया खोदायची माती उचलली, आणि परत आला तो दोन एकर काळं रान घेऊनच. आमचं गाव कर्नाटकात, औरादपासून चालत बाजाराला जाता येईल एवढ्यावर. त्या रानाच्या कागदावर अप्पाचं नाव होतं. कागद कानडीत होता, आम्हाला कुणाला वाचता येत नव्हता. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेला. पण अप्पा तो कागद महिन्यातून एकदा पेटीतून काढून बघायचा, आणि परत घडी घालून ठेवायचा.

ही सवय माझ्या अंगात उतरली ती आजवर गेलेली नाही. माझी मंडळी, सुमन, मला म्हणायची, तुमाला कुणी पाणी दिलं तर तुमी आधी तांब्याच्या बुडाशी काय हाय ते बघता. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. शेवटी बीदरच्या दवाखान्यात तिला रक्त लागलं तर गावातल्या तीन पोरांनी येऊन दिलं. मी तिघांच्याही मागं लागलो, की बाबांनो, काय पाहिजे ते सांगा, नंतर नको. त्यातला एक हसला, म्हणाला, आजा, चहा पाजा. मी चहा पाजला. पण चहानं ते मिटलं असं मला वाटलं नाही, आणि ती काही वाचली नाही. तिच्या अंगात त्यांचं रक्त होतं तेवढे दिवस मी त्या पोरांकडं संशयानंच बघत होतो, हे इथं लिहून ठेवतो. खोटं कशाला लिहू.

तर ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी मी सोळा-सतरा वर्षांचा असेन. पेरणीच्या तोंडावर अप्पा शेळ्यांना पाला तोडायला बाभळीवर चढला आणि खाली आला तो उजव्या हातावर. गावात हाड बसवणारा एक म्हातारा होता, त्यानं हात ओढून बांबूच्या कांब्या बांधल्या आणि दीड महिना हलवायचा नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडं बैल नव्हते. दरवर्षी चिंताकी गावचा मामा, म्हणजे मायचा भाऊ, त्याची बैलजोडी आणि पेरायची तिफण घेऊन यायचा, आणि त्याच्या बदल्यात अप्पा आणि मी त्याच्या रानात तेवढेच दिवस राबायचो. याला आमच्याकडं सावड म्हणतात. दिवसाला दिवस, आणि ज्याच्या रानात काम त्याच्या घरचं जेवण. जेवल्याशिवाय सावड पुरी होत नाही. त्या वर्षी मामाचा एक बैल लंगडा झाला. मामाचा निरोप आला, आठ दिवस थांबा. पण रान कुणासाठी थांबतं? ओल अगदी बेताची होती, पायाखाली माती ना चिकटायची ना उडायची, पेरायला यावी तशी. अजून चार दिवस गेले असते तर वरची माती सुकली असती. अप्पा ओसरीवर कांब्या बांधलेला हात मांडीवर घेऊन बसायचा आणि सकाळ-संध्याकाळ मला रानात पाठवायचा, मूठभर माती आणायला. ती माती डाव्या हातात दाबून बघायचा आणि टाकून द्यायचा.

आमच्या रानाला लागून सूर्यभानअण्णाचं रान. गावातला जुना शेतकरी, दोन बैलजोड्या, बोलायला कमी. त्याचं आमचं कधी भांडण नव्हतं आणि येणं-जाणंही नव्हतं. अप्पाला तो किशा म्हणायचा, जसं त्याचा बाप माझ्या आजाला तोडक्या नावानं हाक मारायचा तसंच. एके सकाळी मी रानाकडं गेलो तर त्याची तिफण आमच्या रानात चालली होती. सूर्यभान पुढं बैलांमागं, आणि मागून त्याची सून चाड्यात बी सोडत होती. चाडं म्हणजे तिफणीवरची ती लाकडी वाटी, जिच्यातून बी नळीवाटे जमिनीत पडतं. तिफणीचा करकर आवाज आणि बैलांची घुंगरं ऐकत मी बांधावर तसाच उभा राहिलो. मला वाटलं, हा वाट चुकला. पण शेतकरी स्वतःच्या बांधाला कधी चुकत नाही. अर्धं रान झालेलं होतं. मुगाच्या ओळी, मध्ये तुरीची ओळ, सगळं रीतीनं.

मी घरी पळालो. मायनं ऐकलं आणि भाकरी थापायला बसली, कारण दुसरं काय करणार. गरम भाकरी, वरण, लाल चटणी असं सगळं टोपलीत घेऊन ती बांधावर गेली. सूर्यभाननं तिफण थांबवली नाही. म्हणाला, आमचं पोट भरलंय. पाणीसुद्धा तो त्याच्याच मडक्यातलं प्याला. रान संपवून जाताना मायला म्हणाला, "किसनअप्पाला म्हनावं, निजून राहा. रान झालंय." माय ती टोपली तशीच भरलेली परत घेऊन आली. तिनं सांगितलं ते ऐकून अप्पाचं तोंड काळवंडलं. पेरून दिलं, जेवला नाही, आणि किशाचा किसनअप्पा केला. या तिन्हीतली एखादीच गोष्ट असती तर त्यानं सोसली असती. तिन्ही एकदम म्हणजे काहीतरी आहे. "आजवर त्यानं मला कदी अप्पा म्हटलं न्हाई," तो म्हणाला. "आज कामून म्हनायलाय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात सूर्यभानशिवाय दुसरं बोलणं राहिलं नाही. तो रानाकडं गेला की मी त्याच्या मागं पन्नास पावलांवर. तो बांधावर बसला तर कामून बसला, तो कुणाशी बोलला तर काय बोलला. मूग उगवून वर आले, हिरवेगार, एकही ओळ तुटलेली नाही. ते बघून आनंद व्हायला पाहिजे होता. मला मात्र एवढं चांगलं उगवलेलं बघून आणखी भीती वाटायची. वाईट काम करून दिलं असतं तर समजलं असतं की नुसता उपकार दाखवायला केलं. चांगलं केलं म्हणजे त्याला पुढं त्यातून काही पाहिजे आहे.

आठ-दहा दिवसांनी मामा आला. त्याचा बैल बरा झाला होता, मधे एक पाऊसही पडून गेला होता. मामाला औरादच्या तहसील कचेरीपुढच्या चहाच्या टपरीवर बसून अर्धा कायदा पाठ झालेला, आणि उरलेला अर्धा तो स्वतः करायचा. त्या काळात कसेल त्याची जमीन असा कायदा आलेला. मोठ्यांची रानं कुळांच्या नावावर व्हायची. तो कायदा आमच्यासारख्यांसाठी चांगला होता असं म्हणतात. पण मामाचं म्हणणं वेगळं. तो ओसरीवर बसला, गूळ-शेंगदाणे खाल्ले, सगळं ऐकून घेतलं आणि मग बोटं मोजायला लागला. तिफण कुणाची? सूर्यभानची. बैल कुणाचे? सूर्यभानचे. बी कुणाचं? आमचं मुगाचं बी घरात गाडग्यात तसंच होतं.

"फुकट तर कुनी खोकत बी न्हाई, दाजी," मामा म्हणाला. "पटवारी पहानीला येनार. उभं पीक बघनार, कुनी केलंय ते लिवनार. त्यानं सांगितलं की हे रान मी कसतो, तर तुमी काय दावनार, मोडका हात?"

पहाणी म्हणजे रानात कुणाचं काय पीक आहे ते पटवारी लिहून घेतो तो कागद. तोही कानडीतच. अप्पानं पेटीकडं बघितलं. आत मायचं जातं चालू होतं. मग अप्पा म्हणाला, "आपल्या रानात आपलंच बी पायजे." एवढंच. पीक मोड असं त्यानं सांगितलं नाही. नको असंही सांगितलं नाही. मामा दुसऱ्या दिवशी बैल सोडून गेला, तिफण आणि वखरही ठेवून गेला, म्हणाला, बघा काय करता ते.

मी सकाळी मामाचे बैल वखराला जुंपले. वखराची लोखंडी पास मातीखालून चालते आणि मुळं कापत जाते. तिचा आवाज मोठा नसतो, सुरी कांद्यात जावी तसा असतो. मुगाला चार-चार पानं आली होती. बैलांना मुसकी बांधली होती तरी ते मान वाकवायचे, त्या हिरव्याकडं. मी हाकत राहिलो. एका ओळीमागून एक ओळ आडवी पडत गेली. माय भाकर घेऊन आली आणि बांधाजवळ थांबली. "हिरवं कापायलास रं," ती म्हणाली. मी म्हटलं, आपल्या नावासाठी. तिनं भाकर बांधावर ठेवली आणि गेली. नंतर मी मामाची तिफण जुंपली तेव्हा चाड्यावर धरायला तिला बोलावलं, ती आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. आयुष्यात तिनं पोट दुखतंय म्हणून पेरणी चुकवली ती तेवढीच. मी एकट्यानंच एका हातानं बैल आणि एका हातानं बी असं करून आमचं बी पेरलं, वाकडंतिकडं, कुठं दाट कुठं विरळ. मधल्या वेळात सूर्यभान त्याच्या रानात येऊन उभा राहिलेला मी बघितला. हातात कासरा. तो ओरडला नाही, पुढं आला नाही. थोडा वेळ बघून निघून गेला. मला वाटलं, साक्षीदार बोलवायला गेला.

कुणी आलं नाही. पंधरा दिवसांनी मामा परत आला आणि आम्ही दोघं चावडीवर गेलो, पटवारी आलेला होता म्हणून. अप्पाचं नाव लिहून घ्या असं सांगायचं, आणि त्यानं लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, असं मामानं ठरवलेलं. पटवाऱ्यानं पानं उलटली आणि म्हणाला, तुमचं तर झालंय. वरचा साहेब येणार म्हणून यंदा आधीच फिरलो. किती दिवस झाले, म्हणून मी विचारलं. त्यानं सांगितलं ते ऐकून मी मनात मोजलं. मी वखर घातला त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. म्हणजे पटवाऱ्यानं बघितलं ते सूर्यभाननं पेरलेलंच पीक. मामा म्हणाला, वाचून दाखवा. पटवाऱ्यानं वाचलं. किसन, मूग आणि तूर, कसणारा खुद्द. खुद्द म्हणजे स्वतः मालक. मामाचा विश्वास बसला नाही, तो शाळेतल्या कानडी मास्तरांना हाताला धरून घेऊन आला. मास्तरांनीही तेच वाचलं.

"कुनी सांगितलं तुमाला?" मामानं विचारलं.

"सूर्यभाननं. म्हनला, मानूस हात मोडून घरी पडलाय, नाव त्याचंच लिवा. बी बी त्याचंच हाय."

चावडीतून बाहेर आल्यावर मामा वेशीपर्यंत भराभर चालला. मग म्हणाला, ह्यात बी काहीतरी असंलच. मी त्याला तिथंच सोडलं आणि सूर्यभानच्या गोठ्याकडं गेलो.

तो दावं वळत बसला होता, पायाच्या अंगठ्यात अंबाडीचा वाख अडकवून. त्यानं मला बस म्हटलं नाही. मी उभाच राहून विचारलं, अण्णा, तुमी आमचं रान कामून पेरलं? तो वळतच राहिला. म्हणाला, तुझं रान पडीक राहिलं असतं तर गवत माजलं असतं, त्यात डुकरं बसली असती, आणि खाल्लं असतं माझंच. मी विचारलं, मग बी तुमचं कामून? तर म्हणाला, चाड्यात उरलं हुतं. दोन एकरांचं बी चाड्यात उरत नाही, हे चौथी शिकलेल्यालाही कळतं. तो खोटं बोलत होता. आज इतकी वर्षं झाली, तो माणूस गेला, त्याची सूनही गेली, तरी तो खोटं कशासाठी बोलला ते मला सापडलेलं नाही. सुमनला मी हे लग्नानंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमाला लाज वाटू नये म्हनून. मला ते पटत नाही. पण दुसरं कारणही सुचत नाही.

मग मी जे बोललो ते आमच्या घरचंच बोलणं होतं. म्हटलं, काय द्यायचं ते सांगा. आमाला कुनाचं ठेवायचं न्हाई. तेव्हा त्यानं पहिल्यांदा हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं.

"काय देतोस?" तो म्हणाला. "मी पेरलो, तू मोडलास. फिटलं की. बराबर झालं."

आवाज चढला नाही त्याचा. त्यानं परत वाख अंगठ्यात अडकवला आणि दावं वळायला लागला. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन सांगितल्या नसत्या. पण हे सांगितलं. अप्पा ऐकत होता. बराबर झालं म्हणाला? त्यानं दोनदा विचारलं. हो म्हटलं. त्या दिवशी तो जेवला नाही. ज्या शब्दासाठी त्यानं मीठ आणि विस्तव सोडला होता तोच शब्द कुणीतरी त्याला आणून दिला होता, आणि तो त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

माझा मूग यायचा तसाच आला. उशिराची पेर, पानं पिवळी पडली, शेंगा बोटभर कमी. पलीकडं सूर्यभानचा मूग बायका खुडायच्या तेव्हा त्यांच्या हसण्याचा आवाज आमच्या रानात यायचा. तो रस्त्यात भेटला की अप्पाशी बोलायचा नाही, तोंडही फिरवायचा नाही. आमचं आणि त्याचं काही नसल्यासारखं चालत जायचा. मला तर ते बरं वाटायचं. अप्पाला काय वाटायचं ते त्यानं सांगितलं नाही, पण सूर्यभान दारावरून गेला की हा ओसरीवरून उठून उभा राहायचा, आणि तो पुढं गेला की बसायचा.

कांब्या सुटल्या, हात थोडा वाकडाच बसला. मागास, म्हणजे रब्बीच्या, ज्वारीची पेरणी आली. मामानं या वेळी चुकू नये म्हणून बैल आणि तिफण चार दिवस आधीच पाठवून दिली होती. तिफण आमच्या भिंतीला टेकून उभी होती. त्या सकाळी अप्पानं पटका बांधला आणि मला म्हणाला, चल. मी विचारलं कुठं, तर तो चालायलाच लागला. सूर्यभानच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. माझ्या बापाला कुणाच्या दारात काही मागायला उभं राहिलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. कसं उभं राहायचं ते त्याला नीट माहीतही नव्हतं. हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं वाकडा हात पाठीमागं धरला.

"अण्णा, तिफण पायजे हुती."

सूर्यभान बैलांना वैरण टाकत होता. टाकायचा थांबला. "चिंताकीवाल्याची आली न्हाई का?"

"आलीया."

"मग?"

"तुमची पायजे."

सूर्यभाननं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं जास्त वेळ बघितलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती, आणि तो घेत होता. घेणारच. उरलेली वैरण त्यानं सावकाश टाकली, हात झटकले.

"पेरायलाच नेतोस, का मोडायला?"

"पेरायला," अप्पा म्हणाला.

"ने. उजवा फण ढिला हाय. पाचर मारून घे."

मी तिफण खांद्यावर घेतली. रानात पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर ती उलटी करून सगळीकडून बघितली. कुठं आधीच तडा तर नाही, उद्या आमच्या माथी मारायला. कुठं नव्हता. उजवा फण ढिला होता, तो त्यानं सांगितलाच होता. अप्पानं पाचर मारली. माय न बोलावता आली आणि चाड्यावर उभी राहिली. त्या दिवशी ओळी सरळ पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेरणी संपल्यावर मी तिफण धुऊन, फणांची माती खरडून, परत द्यायला उचलली. काम झालं की दिवस मावळायच्या आत परत गेली पाहिजे, आमच्या घरचा कायदा. अप्पा ओसरीवर बसला होता. म्हणाला, ठेव खाली. मला वाटलं, अजून कुठं पेरायचं राहिलंय. तसं काही नव्हतं.

"राहू दे चार दिवस," अप्पा म्हणाला. "लगीच नेऊन दिली म्हंजे दोघं परत मोकळे."